वर्षातून एकदाच येणारी ओहोटी

धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आली की पुण्यातले लोक गाड्या काढतात. आमचं उलटं. उजनी काठोकाठ भरली की मी दुर्बीण कपाटात ठेवते आणि कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटल्याचं वाचलं की बाहेर काढते. तुतारी, टिलवे, चिखल्या, शेकाटे या काठावर चरणाऱ्या पक्ष्यांना नुसतं पाणी असून भागत नाही. त्यांना पाणी हटल्यावर उघडा पडलेला ओला चिखल लागतो. समुद्रकिनाऱ्यावर तो दिवसातून दोनदा मिळतो. धरणात ओहोटी वर्षातून एकदाच, पण दिवाळीच्या आसपास लागते ती थेट मृगापर्यंत चालते.

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी भाची असा दोन दिवसांचा बेत केला. ती प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाठ्यपुस्तकातल्या चोची तिला पाठ आहेत, पण त्या चोचींमागचा पक्षी अजून बघायचाय.

शनिवार

पहाटे चारला हडपसर सोडलं. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, सगळं अंधारात. रस्त्यावर आम्ही आणि उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉलीला मागे दिवा नसतो हे सोलापूर रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. भिगवणच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला आणि कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली होती.

होडीवाले नाना ठरलेले. साठीच्या पुढचे, मूळचे शेतकरी. गाव धरणात गेलं, जमीन गेली, मग मासेमारी आली आणि गेली काही वर्षं मासेमारीला जोड म्हणून पर्यटक. त्यांनी होडी ढकलत विचारलं, "फ्लेमिंगो बघायचं न्हवं? तिकडं डाळजच्या अंगाला हायती."

"फ्लेमिंगो नकोत नाना, चिखल दाखवा."

नाना थांबले. मग भाचीकडे बघून म्हणाले, "ताई दरसाली हेच म्हणत्यात. पुण्यासनं येत्यात आन् चिखल बघून जात्यात."

फ्लेमिंगोवर माझा राग नाही. पण शंभर फ्लेमिंगो लांबून एक गुलाबी पट्टी दिसतात, लोक फोटो काढतात आणि त्यांच्या पायाशी पळणाऱ्या पाचशे जिवांकडे कुणी पाहत नाही. नाना त्या सगळ्यांना मिळून 'बारकी पाखरं' म्हणतात. खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं माझीही मजल त्याच्यापुढे गेली नव्हती.

होडी किनाऱ्याला समांतर चालली. काठावर एका ओळीत विजेच्या मोटारी, प्रत्येकीमागे काळ्या पाइपची शेपटी आणि खांबापासून ओढत आणलेली केबल. पाणी मागे सरतं तशा या मोटारी पुढे न्याव्या लागतात. नवा पाइप जोडायचा, केबल वाढवायची आणि पुन्हा आठवड्याने तेच. मोटारींच्या मागे गाळपेर: पाणी हटलेल्या ओल्या जमिनीवर घेतलेला हरभरा, मका, कुठे कलिंगड. आणि मोटारींच्या पुढे, पाण्याच्या कडेला, दहा-पंधरा पावलांचा चकचकीत काळा पट्टा. आमचे पक्षी तेवढ्यात. शेतकरी कडेच्या मागे, पक्षीही कडेच्या मागे, आणि कड कुठे असेल ते ठरवणार पाटबंधारे खातं.

उजनीचा आकडा ऐकताना बाहेरचा माणूस गोंधळतो. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) घरात, पण त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलं जाणारं तळाचं पाणी. वरचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी उणे होते. 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात रोज ऐकू येतं. आम्ही गेलो तेव्हा ती अजून अधिकमध्ये होती, पण उतार वेगात होता.

उतरलो. भाचीने काठावर पडलेला बाभळीचा फोक उचलला आणि अगदी पाण्याच्या कडेला रोवला. "उद्या बघू किती सरकतं ते."

सूर्य वर आला आणि चिखलावर जीव दिसायला लागला. आधी दिसतात शेकाटे, कारण ते लपूच शकत नाहीत. काळे-पांढरे, गुलाबी काड्यांसारखे पाय, आणि आवाज असा की कुणी रबरी खेळणं सारखं दाबतंय. त्यांच्या पलीकडे पोटापर्यंतच्या पाण्यात गॉडविट, आपल्या पुस्तकांतला काळ्या शेपटीचा पाणटिवळा. लांब सरळ चोच पार डोळ्यांपर्यंत खुपसून ते शिवणयंत्रासारखे वरखाली होत होते. त्यांची चोच आत चिखलात असताना फक्त टोकाशी उघडते, म्हणजे चिमटा न उघडता चिमट्याचं टोक उघडावं तसं. भाचीला हे माहीत होतं. मला ते टोक उघडताना दुर्बिणीतून दिसेल अशी आशा होती. अर्थात चिखलाच्या आतलं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की पक्षी क्षणभर थबकतो, चोच बाहेर येते आणि घशातून काहीतरी खाली जातं. कितीतरी गॉडविटांच्या मानेवर विटकरी रंग चढायला लागला होता. लगीनघाईची खूण.

पण मला बघायचे होते टिलवे. छोटा टिलवा चिमणीएवढा, पंचवीसेक ग्रॅमचा. पाच रुपयांची नवी चार नाणी तळहातावर ठेवा, तेवढं वजन. हा जीव सैबेरियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात अंड्यातून बाहेर येतो आणि थंडी घालवायला आपल्याकडे येतो. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो हाच, आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून जाणारा. ऑगस्टअखेर पहिले टिलवे येतात तेव्हा उजनीत पाणी चढत असतं आणि त्यांना चिखल मिळत नाही. मग ते भाताच्या खाचरांत, पाझर तलावांच्या कडांना, नदीच्या डोहांशी वेळ काढतात. उजनीचं पान त्यांना वाढलं जातं ते आत्ता, निघायच्या आधी. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते तेव्हा.

मी ट्रायपॉड मांडला, स्कोप लावला आणि एका टिलव्यावर थांबले. त्याच्या खाण्याला धीर नाही. चार टोचे, दोन पावलं, तीन टोचे, वळण, पाच टोचे. दर टोच्याला चिखलावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडतं आणि लगेच त्यात पाणी भरतं. तो पुढे गेल्यावर मागे भोकांची वेडीवाकडी ओळ राहते, हातशिलाई उसवल्यासारखी. त्याच्या शेजारी कंठेरी चिखल्या अगदी वेगळ्या तऱ्हेने जेवत होता. त्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो काही चाचपत बसत नाही, बघतो. सुसाट पळतो, गच्च थांबतो, मान वाकडी करतो, एकच टोच मारतो. एकाच हातभर जागेत दोघं, आणि भांडण नाही, कारण एकाचं जेवण चिखलावर आणि दुसऱ्याचं चिखलात.

"हा छोटा टिलवाच," मी दुसऱ्या एका पक्ष्याबद्दल म्हणाले. "पाय काळे बघ." टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळट असतात, ही आमच्यासारख्यांची ठरलेली ओळख. भाची गप्प राहून बघत होती. तो पक्षी गवताच्या कडेला वाकून, उंदरासारखा सरपटत खात होता, अंगावर एकसारखा मातकट रंग, छातीवर राखाडी छटा. पाचेक मिनिटांनी तो एका डबक्यातून चालत गेला. पलीकडे निघाला तेव्हा त्याचे पाय पिवळे होते.

"मावशी, चिखल धुतला गेला."

वहीत मी खोडलं. वीस वर्षं पक्षी बघतेय. पायावरचा चिखल हा पायाचा रंग नव्हे, हे विद्यार्थिनीने दाखवावं!

नऊच्या सुमाराला अचानक सगळी कड उठली. आधी एक टिटवी ओरडली, मग शेकाटे आणि मग एकाच वेळी शे-दीडशे टिलवे. ते उडतात तेव्हा थवा एका बाजूने तपकिरी दिसतो, वळला की पांढरा, पुन्हा वळला की नाहीसाच. वर दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी संथपणे चालली होती, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून. तिने काही धरलं नाही, बहुधा धरायचंही नव्हतं. पण तिच्या येण्याने खाणं थांबलं, दोनशे मीटर उडणं झालं, पुन्हा बसणं झालं. होड्या जवळ नेऊ नका असं मी नानांना का सांगते, ते भाचीला तेव्हा कळलं. फोटोसाठी थवा उडवणारा पर्यटक भोवत्यापेक्षा वाईट, कारण भोवत्या दिवसातून चारदा येते आणि होड्या चाळीसदा.

त्या थव्यात रफही होते. मराठीत त्यांना सगळ्यांनी मान्य केलेलं नाव मला सापडलेलं नाही. नर मादीपेक्षा इतका मोठा की नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो. इथे दिसतात ते मळकट, छोट्या डोक्याचे, जरा पोक काढून चालणारे पक्षी. हेच नर मे महिन्यात उत्तरेत मानेभोवती पिसांचा गळपट्टा मिरवतात, प्रत्येकाचा रंग निराळा, आणि ठरलेल्या जागी जमून माद्यांसमोर नाचतात. आपल्याकडे त्यांचा फक्त गबाळा अवतार येतो. सहा-सात नरांच्या मानेवर पांढरे ठिगळ होते, एवढीच चुणूक.

मग मी चुकले. जवळचा कोन हवा म्हणून चार पावलं पुढे गेले आणि उजवा पाय पोटरीपर्यंत आत. ओढला तर पाय आला, सँडल राहिली. तोल सांभाळायला डावा पाय टाकला, तोही गेला. भाची ट्रायपॉड धरून हसत होती, मदत नानांनी केली. "ताई, वर वढू नका. टाच हलवा आदी. हवा जाऊ द्या आत." टाच दोनदा फिरवली, फस्सकन आवाज आला आणि पाय सुटला. चाळीस वर्षं त्या गाळात जाळी ओढणाऱ्या माणसाचं शास्त्र. सँडल काढताना हाताला लागलेला गाळ लोण्यासारखा मऊ होता आणि त्याला वास होता, गटाराचा आणि माशांचा मिसळून. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. बोटावर गाळ पसरला तर त्यात दोन लाल, दोऱ्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या. टिलव्याच्या जेवणात आपलाही वाटा आहे म्हणायचा.

उतरत्या पाण्यातून एक लांबट बेट वर आलं होतं. तिकडे होडी लावायची नाही, फक्त लांबून फिरायचं, असं आधीच ठरलेलं. बेटावर वाळूच्या रंगाचे छोटे पक्षी नुसते पडल्यासारखे बसलेले: छोटे आर्ली. हेही चिखल्यांच्याच भाऊबंदकीतले, पण उडतात पाकोळीसारखे आणि किडे हवेतच टिपतात. ते उत्तरेला जाणारे नाहीत, इथलेच. घरटं म्हणजे वाळूत उमटलेली खळगी, त्यात वाळूच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. नाना म्हणाले, गेल्या साली मेंढरं पोहत नेऊन सोडली होती बेटावर, सगळं तुडवलं.

ऊन तापलं तसा एक आर्ली उडून पाण्याशी आला, कडेला बसला आणि पोट पाण्यात बुडवून डोलायला लागला. आंघोळ नव्हे, डोकं-पंख कोरडेच. पोटाची पिसं भिजवून तो परत खळगीवर गेला. अंडी तापू नयेत म्हणून. आपण अंडी उबवणं म्हणतो तेव्हा अंड्यांना ऊब द्यायची असं गृहीत धरतो. मार्चच्या उजनीत दुपारचं काम निववण्याचं असतं. त्या एका पक्ष्याच्या तीन खेपा आम्ही मोजल्या. मग नाना म्हणाले, पुरे, त्यास्नी त्रास नको. होडी वळली.

दुपारी भिगवणला चिलापी. तळलेली, वर लिंबू, बाजरीची भाकरी, तिखटजाळ रस्सा. भाचीने विचारलं, हा मासा इथला का? मूळचा आफ्रिकेचा, पण आता उजनीत त्याच्याइतका घरचा कुणी नाही. वाटेत भादलवाडीच्या तलावावरचे चित्रबलाक बघितले, बाभळींवर घरट्यांची गर्दी, पांढऱ्या विष्ठेने रंगलेली झाडं. सुंदर दृश्य आहे, पण डोळे मिटत होते. दहा मिनिटांत निघालो.

संध्याकाळी कडबनवाडीचं माळरान. किनाऱ्याच्या पक्ष्यांवरच्या लेखात माळ कशाला, असं कुणाला वाटेल. पण धाविक आणि माळटिटवी किनाऱ्याच्या पक्ष्यांच्याच गणातले, फक्त त्यांनी काठ सोडून दिलाय. पाण्यापासून लांब, कुसळी गवतात, धाविकाची जोडी अगदी चिखल्यासारखीच पळत होती: सुसाट, थांबा, टोच. चालण्याची सवय तीच राहिली, चिखल गेला. लांबवर तीन चिंकारा हरणं उभी होती आणि आम्हाला त्यांच्यापेक्षा धाविक जास्त आवडले हे मेंढपाळाला पटेना.

रविवार

पहाट पुन्हा कुंभारगावला. आज होडी नाही, फक्त फोक बघायचा होता.

फोक होता तिथेच होता. पाणी नव्हतं. भाचीने पावलं टाकली: चार, आणि पाचवं ओलं. काठाचा उतार इतका सपाट की पाणी बोटभर उतरलं की कड चार पावलं पळते. एका बाजूला रात्रभर कालवा, दुसऱ्या बाजूला शेकडो मोटारी, वरून ऊन.

पण बघण्यासारखे होते ते ठसे. फोकाच्या अलीकडे, कालच्या चिखलावर, वरचा पापुद्रा सुकायला लागला होता आणि त्यात कालचे ठसे घट्ट बसले होते: शेकाट्याची लांब तीन बोटं, टिलव्याची नखाएवढी चांदणी, मधेच माझ्या पायाचं भगदाड. फोकाच्या पलीकडच्या चार पावलांत सगळे ठसे ताजे, रात्रीचे. म्हणजे आम्ही लॉजवर घोरत असताना ही मंडळी कडेबरोबर सरकत होती. अंधारातही खातात ती. गॉडविटांना चोचीने चाचपून भागतं, आणि चिखल्यांचे डोळे मोठे का, तेही लक्षात आलं.

एक शेतकरी मोटारीचा पाइप खांद्यावर घेऊन आला. आम्हाला वाकून चिखल बघताना पाहून म्हणाला, "काय हरवलं का?"

भाची म्हणाली, "पाणी."

तो हसला. "ते तर रोजच हरवतंय." आणि पाइप जोडायला बसला. त्याच्या पलीकडे वीस फुटांवर टिलवे खात होते. त्याच्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी एक पाऊल टाकलं तर सगळे दहा हात मागे.

माझी अडचण इथेच होते. पाणी लवकर उतरावं असं मला वाटतं, आणि त्या माणसाला ते टिकावं असं. दुष्काळी वर्षात उजनी पार खाली जाते, पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं आणि पक्षी बघायला जागाच जागा होते. तसल्या एका वर्षी मी खुशीत यादी करत होते आणि मागे टँकर उभा होता. त्यानंतर मी 'यंदा चिखल छान आहे' हे वाक्य गावात मोठ्याने म्हणत नाही.

दहाला बारामतीमार्गे निघालो, वीर धरणाकडे. नीरेवरचं हे धरण उजनीच्या मानाने लहान, साठा नऊ टीएमसीच्या आसपास. थंडीत इथे पट्टकदंब हंस असतात, ते गेले होते. मागच्या अंगाला चिखल होता, पण गाई-म्हशींनी तुडवलेला. त्यात ठिपकेवाल्या तुताऱ्या मात्र खुशीत होत्या. खुरांच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी, प्रत्येक खड्ड्यात काहीतरी खायला. त्यांच्यात एक हिरवी तुतारीही होती. ती बसलेली असताना मी ठाम बोलले नाही, कालचं ताजं होतं. उडाली तेव्हा पंखांची खालची बाजू काळपट आणि कमरेवर पांढरा चौकोन दिसला. मग लिहिलं.

जेवायला थांबलो ते कालव्याच्या कडेला. कालवा तुडुंब, पाणी घाईत. एवढं पाणी, पण काँक्रीटच्या काठाला ना चिखल ना गवत, म्हणजे कुणी नसणार. मी डबा उघडला. तेवढ्यात भाचीने माझं कोपर दाबलं. काँक्रीटच्या उतारावर, पाण्यापासून वीतभर वर, एकटीच साधी तुतवार. शेपूट वरखाली, वरखाली. भिंतीच्या भेगेत साचलेला चिमूटभर गाळ तिने टोचला, दोन पावलं टाकली, पुढच्या भेगेशी थांबली. दर भेगेशी एक टोच. पाण्याच्या वाहत्या दिशेने ती अशी चालत चालत गेली, आणि पुढच्या मोरीखाली दिसेनाशी झाली.

"मोरीच्या पलीकडून निघेल," भाची म्हणाली आणि चटणीचा हात तसाच धरून पळाली.